अन्न, अंमल आणि मन

‘जसें अन्न तसें मन’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पंक्तीला बसल्यावर वडील माणसें ती सांगतात, आपण मान डोलावतों आणि पानांतला आवडता पदार्थ पुढें ओढतों. म्हणींचें असेंच होतें. त्या पाठ झाल्या कीं त्यांचा अर्थ तपासून पाहावा असें कोणाला वाटत नाहीं. आज ही एक म्हण अक्षरशः खरी धरली तर ती कोठवर टिकते, तें आपण पाहूं.

ही परीक्षा आपल्याकडे पूर्वीं एकदां झालेली आहे. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आरुणि आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो कीं मन हें अन्नाचें बनलेलें आहे. मुलाची समजूत नीट पटेना. तेव्हां बापानें वाद वाढविला नाहीं. ‘पंधरा दिवस जेवूं नकोस, पाणी मात्र हवें तितकें पी,’ असें त्यानें सांगितलें. पंधरा दिवस लोटल्यावर त्यानें मुलाला वेद म्हणावयास सांगितले. बारा वर्षें गुरुगृहीं राहून ज्यानें वेद मुखोद्गत केले होते, त्या श्वेतकेतूला कांहीं आठवेना. ‘जा, जेवून ये,’ बाप म्हणाला. मुलगा जेवून आला आणि विचारलें तें सगळें त्यानें सांगितलें. कथेंतला तत्त्वार्थ क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. स्मरणशक्ति कोठें नाहींशी झाली नव्हती. तिला चालविणारें इंधन तेवढें संपलें होतें.

उपनिषदांतून आतां आपण पुणें जिल्ह्यांतल्या एका शिवारांत येऊं. बारामती-इंदापूरच्या टापूंत अंथुर्णें नांवाचें गांव आहे. हा मुलूख मूळचा कोरडा, बेताच्या पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. पुढें नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें आणि या रानांत ऊंस उभा राहिला. वालचंदनगर आणि भवानीनगर हीं साखरेच्या कारखान्यांमुळें वाढलेलीं गांवें याच टापूंत आहेत. म्हणजे या एका शिवारांत उभे राहिलें कीं ज्वारीची भाकरी आणि उंसाचा गूळ हीं दोन्ही दिसतात. साखर काढून घेतल्यावर जी मळी उरते तिच्यापासून मद्यार्क निघतो, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. त्यांत गड्याच्या खिशांतली तंबाखूची पुडी, बाईच्या चुलीजवळची मशेरीची डबी आणि उकळत्या चहाचें पातेलें यांची भर घातली, कीं आजच्या विषयाचें सगळें साहित्य जमलें. या पदार्थांपैकीं कांहीं मेंदूला पोसतात, कांहीं त्याला फसवितात. कोणता पदार्थ काय करतो हें कळलें म्हणजे माणसाच्या वागण्यांतलें पुष्कळसें कोडें उलगडतें.

प्रथम पोसणाऱ्यांकडे वळूं. माणसाचा मेंदू वजनानें सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाचें शरीर जितकी शक्ति खर्च करतें, तिच्यापैकीं जवळजवळ पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याचें नेहमींचें अन्न म्हणजे रक्तांतली साखर, ग्लुकोज. दिवसाकांठीं त्याला ती सुमारें १२० ग्रॅम लागते. यासाठीं गुळाचा खडा तोंडांत धरून बसण्याची मात्र गरज नाहीं. ज्वारीच्या भाकरींतला पिठाचा अंश पचून त्याचीच साखर होते, आणि ती हळूहळू रक्तांत उतरते हें अधिकच चांगलें. जेवणाला उशीर झाला तर यकृत आपल्या सांठ्यांतून ही उणीव भरून काढतें.

हा पुरवठा एकाएकीं तुटला तर काय होतें? मधुमेहाच्या रोग्यानें इन्सुलिन टोचून घेतलें आणि कांहीं कारणानें जेवण लांबलें, तर त्याच्या रक्तांतली साखर फार खालीं जाते. त्याला घाम सुटतो, हात कांपूं लागतात, बोलणें अडखळतें. तो विनाकारण चिडतो, भलतेंच बरळतो, झोकांड्या खातो. एस. टी. च्या थांब्यावर असा माणूस दिसला तर लोक काय म्हणतील? ‘प्यालेला आहे’ असें म्हणून बाजूला सरतील. त्या वेळीं तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळतां येत असेल, तर साखरेचें पाणी दिल्यानें थोड्याच वेळांत तो ताळ्यावर येतो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडांत कांहीं न घालतां त्याला तांतडीनें डॉक्टरकडे न्यावें लागतें. ज्या उंसाची मळी माणसाला झिंगवते त्याच उंसाची साखर याला शुद्धीवर आणते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचें वागणें सारखेंच दिसतें, आणि कारणें पाहावीं तर अगदीं उलट. आजच्या सगळ्या विवेचनाचें सार या एका उदाहरणांत आहे. वागणें डोळ्यांना दिसतें, त्याचें कारण दिसत नाहीं. आणि कारण न पाहतां आपण माणसाच्या स्वभावावर शिक्का मारून मोकळे होतों.

केवळ इंधनानें मात्र मेंदूचें भागत नाहीं. त्या इंधनाचा उपयोग करून घेण्यासाठीं जीवनसत्त्वें व क्षार लागतात, अगदीं अल्प प्रमाणांत, परंतु नित्य. पेलाग्रा नांवाचा एक रोग आहे. त्यांत अंगाचा उन्हांत उघडा राहणारा भाग काळवंडतो, जुलाब होतात आणि पुढें बुद्धिभ्रंश होतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो फार होता, आणि त्यांतले कित्येक वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन पडत. हा रोग सांसर्गिक नसून निकस आहाराचा आहे, हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासून चिकाटीनें दाखवून दिलें. उणें पडणारें द्रव्य म्हणजे नायासिन, हें १९३७ सालीं निश्चित झालें.

हाच रोग दख्खनच्या पठारावर, ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांतहि आढळत असे. हैदराबादच्या पोषण-प्रयोगशाळेंतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याचा संबंध ज्वारींतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याशीं जोडला. त्या उपपत्तीविषयीं पुढें मतभेद झाले. परंतु नुसत्या भाकरीवर वर्षानुवर्षें राहणाऱ्या माणसाला धोका असतो, याविषयीं वाद नाहीं. म्हणून ज्वारी वाईट, असें कोणीं समजूं नये. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, पिठलें, आमटी, ताक घेण्याची आपली रीत आहे, आणि शेंगदाण्यांत नायासिन विपुल असतें. आपल्या आज्या-पणज्यांना त्या जीवनसत्त्वाचें नांव ठाऊक नव्हतें. चटणी मात्र ठाऊक होती. संकट येतें तें गरिबीनें पानांतली चटणी आणि डाळ नाहींशी केली म्हणजे.

आतां शहरांतल्या घरालाहि जवळचें वाटेल असें एक उदाहरण घेऊं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाची पाहणी सुरू केली. तींत असें दिसलें कीं सुमारें दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. पुढें या स्त्रियांचीं मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर त्यांच्यापैकीं कांहींच्या बुद्धीच्या चांचण्या घेतल्या. तेव्हां ज्यांच्या आईला गर्भारपणीं ब-१२ फार कमी पडलें होतें तीं मुलें लक्ष टिकवून धरण्याच्या आणि ऐकलेलें तात्पुरतें ध्यानांत ठेवण्याच्या चांचण्यांत मागें पडलीं. तें अंतर मोठें नव्हतें, आणि एवढ्या एका पाहणीवरून सारें खापर एका जीवनसत्त्वावर फोडणें बरोबर होणार नाहीं. तरी विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं शाळेंत ज्या मुलाला मास्तर ‘लक्ष नसतें याचें’ असा शेरा देतात, त्या शेऱ्याचा एखादा धागा त्याच्या जन्मापूर्वींच्या ताटापर्यंत जाऊन पोंचत असेल.

ब-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतें. तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. जो शाकाहारी आहे आणि ज्याच्या वांट्याला दूधहि बेताचेंच येतें, त्याला तें हटकून कमी पडतें. शिवाय उतारवयांत जठराची शक्ति मंदावली कीं खाल्लेल्यांतलेंहि अंगीं लागत नाहीं. मग हातापायांना मुंग्या येतात, चालतांना तोल जातो, विसराळूपणा वाढतो. माणूस कधीं उदास, कधीं संशयी होतो. घरांतलीं माणसें म्हणतात, ‘आजोबांचें वय झालें.’ वय झालेलें असतेंच. परंतु विसराळूपणाचें खापर वयावर फोडण्यापूर्वीं एकदां रक्त तपासून घ्यावें. कारण ब-१२ च्या उणिवेनें आलेला बुद्धिमांद्याचा प्रकार वेळींच उपचार केल्यास पुष्कळदां सुधारतो. फार उशीर झाला तर मज्जातंतूंना झालेली इजा कायम राहते. नऊ वर्षांचा नातू आणि सत्तरीचे आजोबा यांच्या तक्रारींचें मूळ असें एकच असूं शकतें.

लोहाचेंहि असेंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोह कमी म्हणजे रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी. शिवाय मेंदूंतलीं कांहीं निरोप्या द्रव्यें तयार होण्यासहि लोह लागतें. उंसाच्या फडांत खुरपणारी बाई दोनप्रहरीं बांधावर टेकली तर तिला आळशी म्हणणें फार सोपें आहे. तिच्या रक्ताचा कस कोणीं विचारीत नाहीं. आणि ज्या चहाच्या घोटानें तिला हुशारी येते तोच चहा भाकरीबरोबर घेतला, तर भाकरींतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा, ही एवढीशी गोष्ट फुकटची आहे.

येथें आपण अन्नाची हद्द ओलांडून अंमली पदार्थांच्या हद्दींत आलों. दोहोंत भेद आहे तो असा. अन्न मेंदूला द्रव्य पुरवतें; अंमल मेंदूच्या निरोपांत ढवळाढवळ करतो. आपल्या मेंदूंत सुमारें ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप पाठविते तो बहुधा एखाद्या रासायनिक द्रव्याच्या रूपानें. त्या द्रव्याला घेण्यासाठीं पलीकडच्या पेशीवर जणुं एक कुलूप असतें. अंमली पदार्थ म्हणजे त्या कुलपाला लागणारी चोरकिल्ली. चहा-कॉफींतलें कॅफिन हें त्यांतल्या त्यांत सौम्य. दिवसभराच्या श्रमानें मेंदूंत जें थकव्याचें द्रव्य सांचतें, त्याचें कुलूप तें अडवून धरतें. थकवा जात नाहीं. त्याची वर्दी तेवढी पोंचत नाहीं. म्हणून संध्याकाळीं उशिरा घेतलेला चहा रात्रीं डोळ्यांवरची झोंप पळवितो.

अफूची कथा अधिक बोधप्रद आहे. अफू ज्या कुलपांना लागते तीं मेंदूंत आहेत, हें १९७३ सालीं प्रयोगानें दिसलें. मग प्रश्न उभा राहिला कीं निसर्गानें माणसाच्या डोक्यांत खसखशीच्या बोंडासाठीं कुलपें कां केलीं असावींत? उत्तर १९७५ सालीं मिळालें. शरीर स्वतःच अफूसारखीं द्रव्यें तयार करतें. दुःख सुसह्य करण्यासाठीं तीं उपयोगी पडतात. बाहेरून अफू येऊं लागली कीं हें घरचें दुकान मंदावतें आणि कुलपेंहि बोथट होतात. मग तीच अफू चढत्या मापानें घ्यावी लागते, आणि न घेतल्यास साधी कळहि असह्य होते. एके काळीं मुंबईच्या गिरणगांवांत आणि खेड्यापाड्यांतहि आया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. मूल निजून राही. परंतु तें भुकेचें रडणेंहि विसरे, आणि दिवसेंदिवस वाळत जाई. त्या आईला दोष देण्यापूर्वीं तिचें मूल सांभाळण्याची दुसरी कोणती सोय होती, हा प्रश्न विचारावा लागतो.

तंबाखूंत निकोटीन असतें. गडी तळहातावर तंबाखू मळतांना तिला चुना लावतो. हा केवळ चवीचा भाग नाहीं. चुन्याच्या क्षारानें निकोटीन मोकळें होतें आणि गालाच्या आंतल्या नाजूक त्वचेंतून रक्तांत त्वरित उतरतें. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दांतांना लावणाऱ्या बायकांच्याहि अंगांत तेंच विष जातें. दांत घांसण्याच्या निमित्तानें दिवसांतून तीन-चार वेळां. विचारलें तर त्या सांगतात, ‘मशेरी लावल्याशिवाय डोकें चालत नाहीं, जीव घाबरा होतो.’ हें खोटें नाहीं. परंतु तो जीव घाबरा होतो तो मागच्या मशेरीचा अंमल उतरल्यामुळें. नवी मशेरी तो शमविते, आणि बाईला वाटतें कीं मशेरी मन शांत करते. ज्यानें आग लावली तोच पाणी घेऊन येतो, आणि आपण त्याचे उपकार मानतों! व्यसन सोडतांना पहिले कांहीं दिवस माणूस चिडखोर होतो, तोहि याच कारणानें. त्या दिवसांत घरच्यांनीं त्याच्या चिडण्याला चिडून उत्तर दिलें नाहीं, तर अर्धी लढाई जिंकल्यासारखें आहे. थोड्याच आठवड्यांत हा ताप बराच ओसरतो.

दारू ही या सर्वांत सरळ दिसणारी आणि सर्वांत कपटी. मद्यार्काचा रेणु लहान असून पाण्यांत व चरबींत दोहोंतहि मिसळतो. त्यामुळें तो कांहीं मिनिटांत मेंदूंत शिरतो. मेंदूंत आंवरणारे निरोप असतात तसे चेतविणारेहि असतात. दारू आंवरणाऱ्यांचें बळ वाढविते आणि चेतविणाऱ्यांचें घटविते. म्हणजे ती मुळांत गुंगी आणणारी आहे. मग पिणारा प्रथम उल्हसित कां होतो? कारण गुंगी आधीं चढते ती कपाळामागच्या भागावर. विवेक, संकोच, पुढचा विचार यांचें ठाणें तेथें. पहारेकरी पेंगला म्हणजे वाड्यांत गोंगाट होतो, त्यांतलाच हा प्रकार. त्यानंतर तोल, वाचा, स्मृति आणि अति झाल्यास श्वासहि मंदावतो. यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकालांत काढतें; लिंबूपाणी किंवा कडक कॉफी पाजून तो वेग वाढत नाहीं. विषारी दारूंत मिथाइल मद्यार्क असला तर त्याचें शरीरांत जें आम्ल होतें तें प्रथम डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतें. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणी भागांत अशा दारूनें शंभरांवर माणसें मेलीं.

आणि आतां अन्न व अंमल यांचे दोन धागे कसे एकत्र येतात तें पाहा. रोज पिणारा माणूस नीट जेवत नाहीं. जें जेवतो त्यांतलें ब-१ हें जीवनसत्त्व दारूमुळें नीट शोषलें जात नाहीं. ब-१ नसलें तर मेंदूला साखरेचा उपयोग करून घेतां येत नाहीं. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, मन गोंधळतें. हा रोग कार्ल वेर्निके यांनीं १८८१ सालीं वर्णिला. त्याच्या मागून येणारा स्मृतिनाश कोर्साकॉफ यांनीं पुढें वर्णिला. त्यांत माणसाला नुकतीं घडलेली गोष्ट आठवत नाहीं आणि ती पोकळी तो न कळत कल्पित हकिगतींनीं भरून काढतो. घरचे म्हणतात, ‘हा आतां खोटेंहि बोलूं लागला.’ तो खोटें बोलत नसतो. ब-१ ची सुई वेळेवर मिळाली असती तर कदाचित् ही पाळीच आली नसती. आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्याला एका दिवसांत कोंडून दारू तोडूं नये. कंप, भास, झटके येऊन प्राणावर बेतूं शकतें. हें काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीं व्हावें. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेलें मुक्तांगण अशाच कामासाठीं आहे.

पदार्थ मनावर चालतो हें सर्वस्वीं अनिष्टच आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे उन्मादावर पूर्वींपासून देत असत. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं तिचा रक्तदाबावरील गुण इंग्लंडांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आणि जगाचें लक्ष तिच्याकडे गेलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन वेगळें काढलें. तें वेड्यांच्या इस्पितळांतहि वापरूं लागले. उन्मत्त रोगी शांत झाले. परंतु रक्तदाबासाठीं तें घेणारे कांहीं शहाणे लोक कारणावांचून खिन्न झाल्याचेंहि दिसलें. मेंदूंतलीं निरोप्या द्रव्यें त्यानें रितीं होत होतीं. खिन्नतेचा आणि या द्रव्यांचा कांहीं संबंध असावा, ही शंका शास्त्रज्ञांना ज्या अनुभवांवरून आली त्यांत हा एक होता. म्हणून झोंपेची गोळी, सर्दीचें औषध, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाचें वागणें पालटलें तर तेंहि डॉक्टरांच्या कानांवर घालावें. औषध आपण होऊन बंद मात्र करूं नये.

तर मग माणसाच्या हातांत कांहींच नाहीं काय? सगळें ताटाचें आणि तंबाखूचें? असें मला म्हणावयाचें नाहीं. श्वेतकेतूला जेवण मिळालें म्हणून वेद आठवले, हें खरें. परंतु ते त्यानें आधीं बारा वर्षें अभ्यासून मिळविले होते. अन्न शील देत नाहीं. शील ज्या दिव्याच्या उजेडांत काम करतें, त्या दिव्यांत तें तेल घालतें. तेल संपल्यावर दिव्याला दोष देऊं नये, एवढेंच.

अंथुर्ण्याच्या शिवारांत असो कीं पुण्या-मुंबईच्या चाळींत असो, आपल्या आसपास कोणी आळशी, कोणी चिडखोर, कोणी विसराळू, कोणी लहरी म्हणून ओळखला जातो. आपल्या घरींहि असा एखादा असेल. त्याला पुढच्या वेळीं बोल लावण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारून पाहा: याच्या पानांत काय पडतें, याच्या पुडींत काय असतें, आणि हा कोणतें औषध घेतो? उत्तरें मिळालीं म्हणजे कदाचित् रागवावेंसेंच वाटणार नाहीं. आणि रागावण्यापेक्षां उपयोगी पडेल असें कांहींतरी करतां येईल.